खंडेनवमीचा धूर

आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या तुकड्यांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर चढवून सौरघट करायचो. माझ्या प्रबंधासाठी घटांचा शेवटचा संच मोजायचा राहिला होता. तो पदार्थ संपला होता आणि पुन्हा लवकर मिळणार नव्हता.

खंडेनवमीच्या आधी माझे गाईड सर म्हणाले, "यंत्रांची पूजा यंदा तुझ्या वडिलांच्या हातून होऊ दे."

खंडेनवमीला सकाळीच अण्णा निलंग्याकडच्या आमच्या गावाहून एसटीने आले. भूकंपानंतर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. त्यांनीच मला लातूरला क्लासला ठेवलं. मेडिकलला नंबर लागला नाही तेव्हा म्हणाले, "दुसरं शीक माय, पण शीक." म्हणून मी इथवर आले.

त्यांनी यंत्रांना हळदकुंकू लावलं. "तू केलेलं दाखव की," म्हणाले. हवा लागू नये म्हणून नायट्रोजनच्या पेटीत ठेवलेले ते शेवटचे घट मी काढून समोर ठेवले. गावाकडे औतांबरोबर घरातल्या साऱ्या वस्तूंना ऊद दाखवतात. अण्णांनी धुपाटणं घटांवरूनही फिरवलं. सर हात जोडून उभे होते. मीही.

दुपारी मोजलं तर वीज आधीच्या संचांच्या निम्म्यावर आली होती.

"धुरानं झालं का?" अण्णांनी विचारलं.

"हाव. धूर आणि हवा."

मी सांगितलं, की उजेड पडला की थरातून विद्युतभार निघतात, पण धुरानं-हवेनं थरात दोष पडले की वाटेतच अडकतात. त्या जागांना आम्ही सापळे म्हणतो. उथळ सापळ्यातले भार उष्णतेने सुटतात, खोल सापळ्यातले सहसा सुटत नाहीत.

"मंग गरम कर की."

सर हसले. "अण्णा, तुम्हालाच गाईड करायला पाहिजे होतं."

घट पेटीत ठेवून तापवले, पुन्हा मोजले. थोडी वीज परत आली. बाकीची आली नाही.

"आलं तेवढं लिही," सर म्हणाले, "धुरासकट."

मला काहीच वाटलं नाही. भूकंपाच्या सकाळीही असंच झालं होतं. आईला ढिगाऱ्यातून बाहेर काढत होते आणि मी कुणीतरी दिलेले चुरमुरे खात बसले होते.

अण्णा धोतराच्या सोग्याने यंत्रावरचं कुंकू पुसायला लागले.

"राहू द्या," मी म्हटलं आणि पहिल्या घटाचे आकडे लिहायला घेतले.