उन्हात शिजणारी चॉकलेटं

सूर्यनारायणाला आचारी म्हणून राबवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका जळगावात माझ्या घराला खेटून राहतो. आमचे नाना निवृत्त लाइनमन. उभा जन्म खांबांवर चढून तारांशी खेळले, पण आता काड्यापेटी दिसली तरी दोन पावलं मागे सरतात. दोन वेळचा डबा खानावळीचा, चहा माझ्याकडचा. "बाई, तुमना चहा पातळ शे," असं रोज म्हणायचं आणि रोज दुसरा कप मागायचा. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे हे सहन करते.

विस्तवापासून असं लांब राहण्याला कारण त्यांची पिंपळनेरची थोरली बहीण, अक्का. नानी गेल्या त्या वर्षी नाना गॅसवर दूध ठेवून झोपले. पातेलं जळलं, पडदा पेटला, मीच बादली घेऊन धावले. ही बातमी अक्काच्या कानावर गेली (कुणी घातली ते विचारू नका) आणि तिने फोनवरच शपथ घातली, "चूल, गॅस, शेगडी, काही बी पेटाडशी ना, ते मन्हं मरेल तोंड देखशी!" झालं! गॅस गेला. मी म्हटलं, "विजेची शेगडी घ्या की." तर म्हणे, "शेगडी ती शेगडी."

पण भाऊबीजेला अक्काकडे जायचं ते हातचं काहीतरी घेऊनच, हा नानांचा हट्ट. त्यातून ही चॉकलेटं निघाली. चॉकलेटची लादी फोडून स्टीलच्या डब्यात घालायची, डबा गच्चीवरच्या तापल्या पत्र्यावर ठेवायचा आणि कावळ्यांसाठी छत्री घेऊन शेजारी बसायचं. आमच्याकडचं दिवाळीचं ऊनही काही कमी नसतं. तासाभरात पाक होतो. त्यात खारे नसलेले भाजके दाणे आणि काजू ढवळायचे, चमच्याने केळीच्या पानावर ढेकळं घालायची आणि पान उचलून थेट माझ्या फ्रिजमध्ये! चार दिवस माझ्या भाज्या बाहेर. पण थिजलेलं ढेकूळ उलटं केलं की पाठीवर केळीच्या पानाच्या रेघा उमटलेल्या असतात, आणि खरं सांगते, मला त्या फार आवडतात.

गेल्या दिवाळीत मात्र आभाळ आलं ते हटेचना. तीन दिवस नाना डबा घेऊन गच्चीवर, आणि चॉकलेट दगड. भाऊबीज उद्यावर आली. मी म्हटलं, "द्या इकडे, मी वितळवते. मला कुठे शपथ आहे?" तर म्हणाले, "बाई, विस्तव मन्हाच कामले पेटी ना? मंग ती मन्हीच शपथ मोडनी." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला भांडवेना. शेवटी त्यांनी अक्काला फोन लावला. "अक्का, एक दिवस शपथ सुटनी म्हन."

"नही म्हनाव," अक्काने साफ नकार दिला. "तू ये फक्त."

नाना लादी आणि दाणे तसेच पिशवीत घालून पहाटेच्या एसटीने गेले. परत आले ते हातात केळीच्या पानाची पुडी घेऊन. पुडीत एकच ढेकूळ, तेही करपलेलं.

"अक्कानी म्हनं, सुटनी, पन मन्हा समोर," नाना सांगू लागले. मग अक्का पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन ओट्याशी उभी राहिली, डाव्या हाताने भावाचा दंड धरला, आणि इतक्या वर्षांनी नानांनी गॅस पेटवला. चॉकलेट करपलं, एक ढेकूळ तेवढं माझ्यासाठी केळीच्या पानावर घातलं, बाकीचं दोघांनी चमच्याने खरवडून खाल्लं. आणि एसटी सुटताना अक्का खिडकीशी येऊन ओरडली, "परत घाली रे शपथ!"

"परत घालायची काय गरज होती?" मी म्हटलं.

नानांनी चष्मा पुसला. "ऱ्हाऊ द्या बाई. मन्हासाठे कोनी तरी आजून घाबरस."

मला शपथ घालणारं माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. मी ते करपलेलं ढेकूळ चघळत बसले. कडू होतं, पण पाठीवर रेघा होत्या. आत चहाचं आधण खदखदत होतं. नाना दारापर्यंत गेले, थबकले, आणि मागे न बघताच म्हणाले, "बाई, गॅस बंद करा. तुमले मन्ही शपथ."

मी उठले आणि गॅस बंद केला. चहापत्ती घालायची राहिलीच होती.