धानातल्या मासोळ्या

पीकसंरक्षणाच्या ट्रेनिंगला लागलो तेव्हा घरी माझी भलतीच थट्टा झाली. आम्ही भंडाऱ्याकडचे. दादा भिलाईत कारखाना उभारायच्या कामावर. ज्याला त्याला तिथंच चिकटायचं होतं, आणि मी निघालो किडे मारायला. मी चिडायचो. डोकं माझं तेव्हाही लवकरच तापायचं.

भादव्यात आम्हाला भिलाईजवळ जामुलकडच्या एका शेतात, पाणी भरलेल्या बांधीत नेलं. धानाला खोडकिडा लागला होता. ट्रेनिंगच्या साहेबांनी दाखवलं तसं आम्ही एन्ड्रिनचं औषध फवारलं. दुपारी बांधीतल्या पाण्यावर मासोळ्या तरंगायला लागल्या, पांढरी पोटं वर करून. बेडकांचा आवाज बंद.

शेतमालकाच्या घरच्या बाया मात्र खूश. फुकटात टोपल्या भरल्या त्यांनी. मी आडवा गेलो, तर मलाच वेड्यात काढलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणे औषध किड्यांचं आहे, माणसाला काही होत नाही, तू मुकाट्यानं पंप मार.

सुटी झाली तेव्हा मालक हसत सांगत होता की अर्ध्या मासोळ्या भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात केव्हाच खपल्या. ऐकलं आणि मी सायकलकडे धावलो. मी राहायचो ती दादाची खोली त्या बाजाराच्या मागंच. वहिनीला सातवा महिना, आणि डोहाळे मासोळ्यांचेच!

सायकल जीव तोडून हाणली. कारखान्यावरचं आभाळ लाल झालं होतं. दारातच रश्श्याचा वास आला. गंजभर रस्सा चुलीवर, दादा ताटावर बसलेला. मी गंज लाथेनं उडवला. दादानं उठून माझ्या थोबाडीत दिली. मग मी सगळं सांगितलं, तसं त्यानं ताट दूर सारलं.

वहिनी सांडलेल्या रश्श्याकडे पाहत होती. जामुलकडच्या बाईनं स्वस्तात देल्ल्या, एवढंच म्हणाली. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "भाऊजी, मीठ पाहाले म्या दोन मासोळ्या खाल्ल्या. याले काई होईन का जी?"

कोणता किडा कशानं मरतो, तेवढंच आम्हाला शिकवलं होतं. काही होत नाही, असं म्हणालो. साहेबांचेच शब्द.

डॉक्टरनं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला. पण वहिनीचा भरवसा माझ्यावर. मी पंप घेऊन निघालो की रोज सकाळी दारात येऊन, पोटावर हात ठेवून सांगायची, "हाललं जी." ते ऐकल्याशिवाय माझा पाय घराबाहेर पडत नसे.

एका सकाळी ती चुलीपाशी बसून होती. मी पंप खांद्याला लावला, दारात थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण 'हाललं जी' म्हणाली नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. पंप खाली ठेवला आणि तिला डॉक्टरकडे न्यायला दादाला उठवलं.