टॉवेलखालचा ठेका

बियाण्याच्या दुकानात हयात गेली की माणूस संशयी होतो. पिशवी हातात आली की मी आधी शिवण बघतो, मग शिक्का, आणि मग ती आणणाऱ्याचं तोंड. परतूरमधल्या माझ्या दुकानात हा स्वभाव बराबर चालतो. घरी त्याचा सगळ्यांना ताप होतो, असं बायकोचं म्हणणं. असेल.

त्यामुळे मुलगी घरूनच नोकरी करू लागली आणि वरच्या खोलीतून संध्याकाळी धप धप धप धप असा आवाज येऊ लागला, तेव्हा मी साहजिकच चौकशी केली. तिनं मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. जुनी डिस्को गाणी घ्यायची, त्यातला आवडता तुकडा कापायचा, कुणाची गिटार, कुणाचे दोन शब्द, कुठल्या तरी व्हायोलिनची एक लकेर, आणि ते नव्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा फिरवायचं. लोक त्यावर नाचतात म्हणे. ती स्वतःही लॅपटॉपवर असलं काहीबाही बनवत होती. मी म्हटलं, दुसऱ्याच्या शेतातला माल आपल्या पिशवीत भरून वर आपला शिक्का मारायचा, याला आमच्या धंद्यात बोगस म्हणतात. ती नुसती हसली. त्या हसण्याचाही मला संशय आला.

खरं तर ते संगीत कानाला वाईट लागत नव्हतं, आणि खटकत होतं ते हेच. शेजारी लग्न असावं, दार बंद असावं आणि कुणीतरी ते अचानक उघडावं, तसा त्यातला आवाज आधी दबलेला असे आणि मग एकदम मोकळा होई. तो मोकळा झाला की खाली पेपर वाचताना माझा पाय आपोआप हलायचा. जी गोष्ट मालकाला न विचारता त्याचा पाय हलवते, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय एकच ओळ किती वेळा! भजनातही ध्रुवपद फिरून फिरून येतं, मान्य आहे, पण मध्ये निदान कडवं तरी असतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे शेतमालाचा लिलाव. सोयाबीनच्या एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे ते चालायचे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर त्यांचा आवाज. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता आमच्या घरी जेवायला बसलं की भांडी तेवढी वाजतात. त्यांचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. रोज कानावर पडणारी गोष्ट कोण जपून ठेवतं? मला त्याची फार चुटपुट लागली होती, पण घरात कुणाजवळ बोललो नव्हतो.

मग अण्णा वरच्या खोलीत जाऊ लागले. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणारा माणूस रोज संध्याकाळी जिना चढे आणि नातीच्या खोलीचं दार लोटून घेई. एकदा चहा द्यायला मी वर गेलो. दोघं पलंगावर शेजारी बसलेले, आणि अण्णांचा टॉवेल दोघांच्या हातांवर पसरलेला. मला पाहताच तो उचलला गेला.

बैलबाजारात रुमालाखाली हात गेले की सौदा चालू आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. रस्त्यालगतचा आमचा प्लॉट अण्णांच्या नावावर आहे. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तिथंच ओळखलं. बायको म्हणाली, सरळ विचारून मोकळे व्हा. पण विचारलं की माणूस सावध होतो, हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, चपला अंगणातच काढल्या आणि स्वतःच्या घरात चोरासारखा जिना चढून दाराला कान लावला. आत अण्णा बोलत होते.

तोच आवाज, मोंढ्यातला, खणखणीत. “बोला, बोला, अजून बोला.” मग तो तुटला. बो, बो, बोला. खाली तो धप धप ठेका, वर कुठल्याशा जुन्या गाण्याचं व्हायोलिन. ज्या माणसाला पाणी मागायलाही खूण करावी लागते, त्याच्या आवाजाच्या चिंध्या करून त्याच्याच समोर नाच मांडला होता. मी दार ढकललं आणि मुलीला काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. तिचे डोळे भरून आले.

अण्णांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. हातावर टॉवेल टाकला आणि माझी चार बोटं धरून दाबली. पुन्हा दाबली.

“कशाचा भाव?” मी विचारलं.

“भाव न्हाई पप्पा,” मुलगी डोळे पुसत, आजोबांकडे बघून म्हणाली. “आबा सांगून राह्यले, चारदा पाहिजे. मी तीनदाच लावलं व्हतं.”

मग कळलं ते असं. उघड्यावर बोटं नाचवली की अण्णांना मुक्यासारखं वाटे. टॉवेल टाकला की बाजारात बसल्यासारखं वाटे, आणि बोटं बोलू लागत. कुठला शब्द कुठं तोडायचा, किती वेळा फिरवायचा, ठेका कुठं थांबवायचा, सगळं त्यांनीच ठरवलं होतं. तिला ती बोटांची भाषाही त्यांनीच शिकवली होती. प्लॉटची गोष्ट मी मुकाट्यानं गिळली आणि मला माझीच लाज वाटली.

तरी मन भरेना. मी तिला म्हटलं, तुझा ठेका काढ, काटछाट काढ, मला अण्णांचं बोलणं सलग ऐकव. पुढचं, मागचं, सगळं.

तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. कधीतरी मोंढ्यात तिनं सहज काढलेला. अण्णा एका ढिगाजवळ उभे, ओठ हलताहेत, आणि ट्रॅक्टरच्या घरघरीत काहीही ऐकू येत नाही. मध्येच कुणीतरी इंजिन बंद केलं. “बोला, बोला, अजून बोला.” लगेच ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला. अण्णा हात हलवून बराच वेळ बोलत राहिले, पण त्यातलं एक अक्षर ऐकू येईना.

“एवढंच हाये पप्पा,” ती म्हणाली. “म्हणून तर फिरवून फिरवून लावून राह्यले.”

मी अण्णांकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. तिला म्हटलं, आबा म्हणतात तसं चारदा लाव. पाचदा लावलंस तरी चालेल.