पूर्ण सहमत असलेलं गाव

मी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करतेय म्हटल्यावर सासरच्यांना वाटलं, आता ही घरही नीट चालवेल. त्यांची निराशा झाली. माझा विषय माहिती प्रणालींचा होता: दूध घालणारे शेतकरी डेअरीचं मोबाइल ॲप का वापरतात? लिटर, फॅट, दर, सगळं त्यात दिसतं. ॲप सोपं वाटलं की माणूस ते वापरतो, असं माझं गृहीतक होतं, आणि कुणी शंका काढली की मी भांडायचे.

प्रश्नावली भरून घ्यायला देवगाव रंगारीला गेले, म्हणजे माहेरी. माझे वडील, अण्णा, तिथल्याच डेअरीला दूध घालतात. त्यांच्या मोबाइलवर ॲप मीच टाकून दिलं होतं. फोनवर विचारलं की म्हणायचे, "लई भारी हाय." गावानं माझं काम डोक्यावर घेतलं. चहा झाला, पोहे झाले, एका काकूंनी ओटीही भरली. 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंतच्या चौकटींत लोकांनी भराभर खुणा केल्या आणि मी खुशीत संभाजीनगरला परतले.

संगणकावर सगळं भरलं, तर आकडेवारीचं मॉडेल चालेचना. सगळ्यांनी सगळ्याला 'पूर्ण सहमत' म्हटलं होतं. 'ॲप सोपं आहे' यालाही आणि 'ॲप अवघड आहे' यालाही.

गाइड सर ते बघून मोठ्यानं हसले. "अहो, हा डेटा नाही, आहेर आहे. गावच्या लेकीला नाही कोण म्हणणार?"

मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. सर वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध जमा झाला नाही तर नवा गाइड शोधा, आणि त्याला विषय आवडला नाही तर सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, "दुसऱ्या गावात जाते. तिथं मला कुणी ओळखत नाही."

"तिथं तुम्ही पाहुण्या. पाहुण्यालाही आपल्याकडे कोण नाही म्हणतं? माहेरीच जा आणि अडचण खरी सांगा." दुसरा कुणी असता तर माझ्यावर खेकसला असता. सरांचा तो धीर मी विसरणार नाही.

संध्याकाळी डेअरीवर सगळे जमतात, तेव्हा गेले. म्हटलं, "तुम्ही सगळ्याला हो म्हणालात तर मला पदवी मिळणार नाही. जे जमत नाही तेही सांगा." एक काका म्हणाले, "लेकीच्या कामाला नावं कशी ठेवायची?" त्यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग अण्णांनी दुधाची कॅन खाली ठेवली. "मला ते उघडताच येत नाय," ते म्हणाले. "अक्षर बारीक. बोट लावलं की भलतंच उघडतं. मी आपली डेअरीची छापलेली चिठ्ठीच घेतो."

"मग फोनवर लई भारी कसं म्हणायचात?" मी तिथंच चिडले.

"तू टाकून दिलं व्हतं ना."

पोरगी पीएच.डी. करते म्हणून गावभर मान वर करून फिरणारा माझा बाप हे सगळ्यांसमोर, खाली बघून बोलला. त्यानंतर मात्र गाव बोलत सुटलं. रेंज नाय, मेसेज येत नाय, फॅट उशिरा दिसतं. एकीनं माझ्या प्रश्नांनाही सोडलं नाही: "लई लांबड लावती तू." मी एकेकाला बाजूला बसवून पुन्हा सगळं विचारलं. त्या तक्रारींइतकं गोड मी माहेरी काही ऐकलेलं नाही.

या वेळी मॉडेल चाललं आणि माझं गृहीतक पडलं. ॲप सोपं वाटणारेही चिठ्ठीच घेत होते. सरांना सगळ्यात जास्त आनंद झाला. त्यांच्या निरोप समारंभाआधी प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षेला अण्णा इस्त्रीचे कपडे घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. माझी उत्तरं झाली, परीक्षक चर्चेला आत गेले. अण्णांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"बाई, त्या दिवशी मी नाय म्हणलो. त्यानं तुझं काय बिघडणार तर नाय ना?"

इतके महिने ते हे मनात घेऊन होते. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, पण तेव्हा एकच वाक्य जमलं. त्यांचा हात धरून म्हटलं, "अण्णा, तुम्ही नाय म्हणालात म्हणून तर मी आज इथं उभी आहे."