झोपाळू बाळाचा टीएसएच

बाळाच्या घरचा फोन बंदच येत होता. सकाळपासून मी आणि माझी असिस्टंट आलटून पालटून लावत होतो. समोर स्क्रीनवर एका नवजात मुलाचा टीएसएच होता. इतका जास्त, की आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. सॅम्पल परत लावलं. आकडा हलला नाही.

आमचा स्टडी नवजात बाळांच्या थायरॉईडवर होता. टाचेला बारीक टोचायचं, रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवून लॅबमध्ये पाठवायचे. टीएसएच म्हणजे थायरॉईडला मेंदूकडून जाणारी ऑर्डर. थायरॉईड काम करेना, की ऑर्डरवर ऑर्डर जाते आणि टीएसएच चढतो. मोठ्या माणसात हे निभावतं. तान्ह्या मुलाच्या मेंदूची वाढ मात्र थायरॉईडच्याच हार्मोनवर चालते. त्या हार्मोनची गोळी पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही.

मी बॉसकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, हॉस्पिटलला ईमेल टाका. आपण रिसर्च करतोय, ओपीडी नाही चालवत."

"सर, टाकलाय. त्यांच्याकडेही हाच बंद फोन नंबर आहे."

त्यांनी रिपोर्टवरचा आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "जा. पण घाबरवू नका त्यांना."

पत्ता भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कचा होता. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "मॅडम, साहब तो शिप पे गए. मरीना मॅडम मायके में हैं, डोंगरी." नंबर नवऱ्याचा होता आणि नवरा समुद्रात. मी रिक्षा पकडून भाईंदर पश्चिमेला आले आणि तिथून डोंगरी गावात. चर्चजवळ उतरून "नुकतीच बाळंत झालेली मरीना" एवढंच विचारलं. एका बाईने थेट दारापर्यंत आणून सोडलं.

मरीनाची आई ओट्यावर लसूण सोलत होती. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"पोर गुणी हाय," ती म्हणाली. "रडत न्हाय, तरास न्हाय. त्याचं रगत परत कशाला काढायचं?"

"मावशी, पहिला रिपोर्ट चुकीचाही असेल. तसं निघालं तर मलाच आनंद आहे. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?"

"हास्पिटलातनं सोडलं तवा डॉक्टर बोलला, सगलं बरोबर हाय."

"खरंच बोलले ते. सुरुवातीला वरून काहीच दिसत नाही यात."

एवढ्यात मरीना बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ मजेत झोपलं होतं. डोळ्यांत अजून थोडी कावीळ होती. मी विचारलं, "दूध नीट ओढतो का?"

ती एकदम बोलायला लागली. "नाही ना डॉक्टर! ओढता ओढता झोपतो. गालाला टिचक्या मारून उठवते मी. पाय सारखे गार. मम्मीला बोलले तर म्हणते, पहिलटकरीण आहेस, उगाच घाबरतेस."

"उगाच नाही," मी म्हणाले. "जास्त झोप, गार पाय, ही यातलीच लक्षणं असू शकतात."

मावशीच्या हातातला लसूण तसाच राहिला. तिने पुढे होऊन नातवाचे पाय चाचपले. मग एकच वाक्य बोलली, "चल, मी पण येते."

त्याच दुपारी हॉस्पिटलमध्ये शिरेतून रक्त घेतलं. आमचा आकडा बरोबर होता. बाळाचं थायरॉईड जवळजवळ काम करत नव्हतं. लहान मुलांच्या डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली. चुरडून, चमच्यात आईच्याच दुधात कालवून. मावशीने तीनदा विचारलं, "येवढीशी गोळी? बस?"

"बस. पण रोज. एकही दिवस चुकवायची नाही."

पुढच्या तपासणीला टीएसएच खाली येत होता. रिपोर्ट बघून मी लॅबबाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मुलगा आता शाळेत जातो. गोळी चालू आहे, वाढ व्यवस्थित आहे. मरीना सांगते, दिवसभर इतके प्रश्न विचारतो की तिचं डोकं उठतं.

बॉसनी नंतर स्टडीचा नियम बदलला. आता बाळाच्या आजीचा नंबरही घेतो. लॅबमध्ये आम्हाला वाटतं, रिपोर्ट निघाला की काम संपलं. तो योग्य दारात पोचेपर्यंत मात्र तो नुसता आकडाच असतो.