सात महिने मोठी

अमळनेरात गादी भरून घ्यायची तर हाशमभाई पिंजाऱ्यांकडेच. हात सोन्याचा, पण बोलायला महाकंजूस! चार शब्दांत दिवस काढतील. खुलायचे ते फक्त धाकट्या लेकीच्या, रुखसारच्या नावावर. मध्ये तीन वर्षं शिक्षण सुटलेलं, तरी पोरगी आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, पाच हजार मीटर धावणारी. यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि या अबोल माणसाने गल्लीभर पेढे वाटले.

आठच दिवसांत तिचा अर्ज परत आला. एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेल्यांना आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येत नाही, आणि रुखसारची जन्मतारीख एक जून. एका महिन्याने हुकलं, आता बोला! पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनीच नसणार, म्हणजे ही शेवटची संधी होती.

"ती तर जानेवारीत जन्मली, ऐन रजयांच्या हंगामात," हाशमभाई बोलून गेले आणि चपापले. त्यांना आठवलं. मोठी लेक नाजमीन पहिलीत निघाली, तेव्हा साडेपाच वर्षांच्या रुखसारने शाळेच्या फाटकाला लटकून आकांत मांडला होता. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण सांगा, दोघींना बसवून घेतो. हाशमभाईंनी मान डोलावली. गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांसारखी हिचीही एक जून लिहून टाकली. लेकीला सात महिने मोठी करून बाप खुशीत घरी आला होता.

नगरपालिकेचा जन्मदाखला घेऊन ते कॉलेजच्या मैदानावर गेले, आयुष्यात पहिल्यांदाच. क्रीडाशिक्षक हिलाल सर हळहळले. "दहावीच्या सनदेवरची तारीख धरतात, भाऊ. ती बदलेपर्यंत स्पर्धा संपेल."

हाशमभाई पायरीवर बसले. जीव घाबरा झाला की ते अहिराणीवर येत. "बठ्ठी चूक मन्हीच शे, बेटा."

सरावाला आलेली रुखसार शेजारी येऊन बसली. त्यांच्या केसांत अडकलेला कापूस वेचत म्हणाली, "सगळी चूक तुमची कशी, अब्बा? त्या दिवशी मला घरी ठेवलं असतं, तर नाजमीनआपाच्या मागे शाळेपर्यंत कोण पळालं असतं? मी पळायला तिथेच तर शिकले." मग डोळे पुसून तिने बुटांच्या नाड्या आवळल्या. "तुम्ही मला पळताना कधी पाहिलंच नाही. बसा इथेच."

साडेबारा फेऱ्या. हाशमभाई बोटांवर मोजत राहिले. शेवटची अर्धी फेरी संपवून ती धापा टाकत थांबली, तसा तो अबोल माणूस ताडकन उठला आणि सगळं मैदान वळून बघेल एवढ्या मोठ्याने ओरडला,

"थांबू नको, बेटा! आणखी एक!"

आणि ती पळाली.