पिशवी पुढे धर

मीटरबाईंना त्यांचं खरं नाव घेऊन हाक मारणारं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मीटरबाईच.

एकतीस वर्षं त्यांनी पाण्याचे मीटर वाचले. काम ऐकायला सोपं. फाटक उघडायचं, भिंतीलगतचं लोखंडी झाकण उचलायचं, खाली वाकून काचेवरचा चिखल फडक्याने पुसायचा, आकडा वहीत लिहायचा, झाकण लावायचं आणि पुढचं घर गाठायचं. पण ते वाकणंच वाईट. उभ्या माणसाचं तोंड कुत्र्याच्या दातांपासून लांब असतं, वाकलेल्याचं अगदी समोरासमोर येतं. पहिल्याच वर्षी त्यांच्या पोटरीला दात लागले. तेव्हा ऑफिसातल्या एका जुन्या माणसाने त्यांना शिकवलं, की पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. अंग जरा तिरकं करून उभं राहायचं आणि पिशवी पोटापुढे धरायची, म्हणजे चावलंच तर पिशवीला चावेल. मग जड आवाजात एकदाच ‘घरी जा’ म्हणायचं आणि एकेक पाऊल मागे यायचं.

पुढच्या तीस वर्षांत त्यांना दात म्हणून लागला नाही. वहीत ज्या घराच्या नंबराखाली एक ठिपका, तिथे कुत्रं आहे. दोन ठिपके असतील तर मालक बाहेर आल्याशिवाय फाटकाला हात लावायचा नाही. मीटरबाई रजेवर गेल्या की बदलीवरचा माणूस वही हातात घेऊन आधी ठिपके मोजायचा, मग आकडे बघायचा.

मग मीटर स्वतःच आपला आकडा ऑफिसला कळवायला लागले आणि मीटरबाई निवृत्त झाल्या. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी ते भिंतीला लावलं खरं, पण त्यात बघून वेळेवर पोचावं असं कुठलं ठिकाण उरलं नव्हतं.

घर गल्लीच्या अगदी टोकाला. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, कोपऱ्यात देव. सकाळी देवाशी बोलणं व्हायचं, पण देव काही उलटून विचारत नाही. एकदा संध्याकाळी पाचच्या सुमारास दारात एक तपकिरी कुत्रं येऊन उभं राहिलं, कान फाटलेला. मीटरबाई सवयीने ‘घरी जा’ म्हणायला गेल्या आणि घशातून नुसती खरखर आली. सकाळपासून तोंड उघडलंच नव्हतं. कुत्र्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं. मीटरबाईंना हसू आलं. खुंटीवरच्या जुन्या खाकी पिशवीत सकाळचा पाव होता, त्यातला अर्धा त्यांनी त्याला दिला.

ते चौदा नंबरच्या घराच्या भिंतीखाली बसायचं, म्हणून त्याचं नाव चौदा. पाठोपाठ बावीस नंबरच्या पायरीवरची काळी कुत्री आली, ती बावीस. तिची दोन पिल्लं मोठी झाली, ती बावीस-अ आणि बावीस-ब. एका घराला दोन नळ असले की ऑफिसात असंच लिहायचे.

दोन वर्षं हेच चाललं. पाच वाजले की मीटरबाई गल्लीच्या मध्यावर जाऊन उभ्या राहायच्या, खांद्यावरची पिशवी पोटापुढे घ्यायच्या आणि आत हात घालायच्या. चौघं शेपट्या उभारून धावत यायची. ती खाईपर्यंत त्या त्यांना दिवसभराचं सांगायच्या. गुडघा आज बरा आहे, डाळ करपली, लेकीचा फोन नाही आला.

गल्लीच्या तोंडाशी एका वेल्डरचं दुकान होतं. तो एकदा म्हणाला, “मीटरबाई, तुमची पलटण माझ्या गिऱ्हाइकांना आत येऊ देत नाही.”

“तुमच्या ठिणग्यांना भीत नाहीत, म्हणजे शूर आहेत.”

“शूर आहेत हो. परवा एकाची चप्पल नेली. बिचारा एका पायावर घरी गेला.”

मीटरबाई हसल्या आणि तो विषय तिथेच राहिला. कुत्री अनोळखी माणसावर धावून जातात हे त्यांना दिसत होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांना त्यांनी ठिपके दिले, पण आपल्या गल्लीला एक द्यावा असं त्यांच्या मनात आलं नाही.

त्यात लेकीची बदली झाली. ती औषधांच्या मोठ्या दुकानात कामाला होती, जावई दूरच्या गावी नोकरीला. लेक आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आईकडे आली, निदान वर्षभरासाठी. नात इतकीशी आणि सतत इकडून तिकडे, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. घरात एकाएकी आवाज आले. बादली आपटल्याचा, पेन्सिल हरवल्याचा, “आजी, हे बघ” असा दर दोन मिनिटांनी. मीटरबाई देवाला म्हणाल्या, वर्षभर म्हणजे पुष्कळ झालं, त्याहून जास्त मागत नाही.

शाळा दहा मिनिटांवर. आजी सोडायला जायची, आणायला जायची. आजी सोबत असताना कुत्री नुसती शेपट्या हलवायची. तिसऱ्या आठवड्यात मुंगी अडून बसली. “माझ्या वर्गातल्या सगळ्या एकट्या येतात. मीच एकटी आजीबरोबर.”

लेक म्हणाली, “आई, ती कुत्री आहेत ना गल्लीत?”

“एकतीस वर्षं मी काय केलं मग? शिकवते तिला.”

शिकवणी बाहेरच्या खोलीत झाली. कुत्रं व्हायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीटरबाई गुडघ्याखाली उशी घेऊन जमिनीवर आल्या आणि गुरगुरल्या. मुंगी हसून लोळायला लागली.

“आजी, कुत्र्याला चष्मा नसतो.”

“माझ्या गल्लीतल्याला असतो. ऊठ. मी अंगावर आले तर काय करशील?”

“पळणार नाही.”

“आणि?”

“तिरकी उभी राहीन. डोळ्यांत बघणार नाही. दप्तर पोटापुढे. मग म्हणायचं, घरी जा.”

“इतक्या गोड आवाजात म्हणालीस तर ते तुझ्याच घरी येईल. जड आवाजात. आणि पडलीसच तर?”

“गोळा व्हायचं. मान हातांनी झाकायची.”

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी, दुपारी एक वाजता, मीटरबाई आपल्या फाटकाशी उभ्या राहिल्या. पुढे जायचं नाही असं मुंगीने बजावलं होतं.

वेल्डरच्या दुकानापाशी निळं दप्तर दिसलं. भिंतीखालची कुत्री उठली आणि भुंकत पुढे आली. मुंगी थांबली. पळाली नाही. अंग तिरकं केलं, नजर खाली घातली आणि दप्तर खांद्यावरून काढून पोटापुढे घेतलं. सगळं जिथल्या तिथे. मीटरबाईंचा ऊर भरून आला.

आणि त्याच क्षणी कुत्र्यांचं भुंकणं बंद झालं. चौघांच्या शेपट्या उभ्या राहिल्या आणि चौघं मुंगीकडे धावली.

“घरी जा,” मुंगी म्हणाली. चांगल्या जड आवाजात म्हणाली. बावीस-अ ने दप्तरावर उडी घेतली. मुंगीने शिकवल्याप्रमाणे दप्तर घट्ट धरून ठेवलं. ओढाताणीत ती खाली पडली आणि दात दप्तराऐवजी दंडात गेले. ती गोळा झाली, तिने मान झाकली. वेल्डर लोखंडी सळई दुकानाच्या पत्र्यावर आपटत धावून आला, तेव्हा कुत्री पांगली. मीटरबाई पोचल्या तेव्हा मुंगी तशीच गोळा होऊन पडली होती, आणि उठायचं का हे विचारत होती.

नळाखाली साबणाने दंड धुतला, घड्याळात बघून पंधरा मिनिटं. निरोपाचं घड्याळ पहिल्यांदाच कामी आलं. मग दवाखाना, इंजेक्शन, पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा. लेक दुकानातून थेट तिकडेच आली. मुंगी रडली ती एकदाच, सुई बघून. परत येताना रिक्षात तिने विचारलं,

“आजी, मी पळाले नाही ना?”

“नाही पळालीस.”

“दप्तर पुढे धरलं होतं.”

“मी बघितलं.”

“मग ती का आली?”

मीटरबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

उत्तर संध्याकाळी मिळालं. आता कुत्र्यांना काही द्यायचं नाही, हाकलून लावायचं, असं ठरवून त्या काठी घेऊन बाहेर पडल्या. खुंटीवरची पिशवी हाताला लागली ती सवयीने खांद्यावर आली. गल्लीच्या मध्यावर त्या थांबल्या. पट्टा घसरला म्हणून पिशवी सावरायला पोटापुढे घेतली. चौघांच्या शेपट्या उभ्या राहिल्या आणि चौघं धावत आली. तीच चाल, तोच वेग, दुपारी बघितलेला. रोज पाच वाजता हेच तर त्या बघत होत्या. या गल्लीत जो उभा राहून पिशवी पुढे घेतो त्याच्याकडे पाव असतो, हे या जनावरांना दोन वर्षं कोणी शिकवलं? आणि मुंगीला या गल्लीत उभं राहून पिशवी पुढे घ्यायला कोणी शिकवलं?

त्या तशाच घरी आल्या आणि देवापुढे बसल्या. हे कोणालाच कळलं नसतं. वेल्डर म्हणाला होताच, कुत्री पिसाळली असतील. सगळ्यांना ते पटलं होतं. सांगितलं तर लेक राहणार नाही, एवढंही त्यांना ठाऊक होतं. देवाने काही सुचवलं नाही. पण त्याच्यासमोर बसून गप्प राहणंही जमेना.

मुंगी झोपल्यावर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, शिकवणीपासून पावापर्यंत. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“मी दहा वर्षांची होईपर्यंत तू मला रस्ता ओलांडू दिला नाहीस,” ती म्हणाली.

“हो.”

“इतकं एकटं वाटत होतं तर फोन करायचास.”

“करायचे की. दर रविवारी.”

“रविवारी तू ऊन-पावसाचं बोलायचीस, आई.”

लेकीने घडी पुरी केली.

आठवड्यात शाळेशेजारी खोली मिळाली. सामान नेताना लेक दारात थांबली. “रागावून जात नाही गं. झोपेत दचकते ती. गल्ली नको म्हणते.”

“इंजेक्शनाच्या तारखा चुकवू नकोस,” मीटरबाई म्हणाल्या.

घर पुन्हा गप्प झालं. पण आधीच्या आणि या गप्पपणात फरक होता. आता न्हाणीघराच्या फळीवर एक छोटा लाल ब्रश राहून गेला होता. मुंगीने कधीतरी या गल्लीतून चालत आजीकडे यावं, याहून दुसरं काही त्यांना आता नको होतं. त्यांनी कुत्री पकडणाऱ्या गाडीला फोन केला.

गाडी दोनदा आली आणि दोनदा रिकामी गेली. जाळी दिसली की चौघं पसार व्हायची. तिसऱ्या दिवशी गाडीवरचा माणूस फाटकाशी आला.

“बाई, तुमचं ऐकतात म्हणे?”

“ऐकतात.”

“मग हाक मारा ना.”

“पुढे काय करता त्यांचं?”

“लस टोचतो, ऑपरेशन करतो. चावलेलं दहा दिवस वेगळं बांधून ठेवतो. मग गावाबाहेर कुंपण घातलेली जागा आहे, तिथे सोडतो. खायला मिळतं. इथे परत नाही आणत.”

पाच वाजता मीटरबाई गल्लीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. गाडीवरची माणसं भिंतीआड. पिशवी पोटापुढे घेतली, आत हात घातला. बावीस आली, तिची दोन्ही पिल्लं आली. जाळ्या पडल्या, एकच कल्लोळ झाला. चौदा मागे होता. त्याने सगळं बघितलं. तो पळून जाईल असं मीटरबाईंना वाटलं, खरं तर जावं असंही वाटलं. पण तो हळूहळू आला आणि त्यांच्या पावलांना टेकून बसला. त्याच्यासाठी जाळी लागली नाही.

“चावलं ते कोणतं?” माणसाने विचारलं.

“ते पांढऱ्या पायाचं. बावीस-अ.”

त्याने ते नाव ऐकून मान वर केली. मीटरबाईंनी उरलेला पाव गजांतून आत दिला आणि गाडी वळेपर्यंत तिथेच थांबल्या.

रविवारी लेक मुंगीला घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी मुंगीचे पाय थांबले. मीटरबाई पिशवी घरीच ठेवून तिच्यापर्यंत चालत गेल्या.

“गेली ना?”

“गेली.”

“चौदा पण? तो नव्हता चावला.”

“तो पण. तोही धावून जायचाच लोकांवर. मीच लावलेली सवय.”

मुंगीने विचार केला. तिच्याकडे चित्रांच्या वहीची पिशवी होती. ती तिने पोटापुढे घेतली, अंग तिरकं केलं आणि एकेक पाऊल टाकत चालायला लागली. वेल्डरने काम थांबवलं आणि काचेचा मुखवटा वर करून बघत राहिला. गल्ली रिकामी होती. पिशवी खाली घे असं मीटरबाई म्हणाल्या नाहीत, त्यांना ते तोंड नव्हतं. त्याही तिच्या बाजूने तशाच, गुडघा सांभाळत, तिरक्या चालल्या. शंभर पावलांना दहा मिनिटं लागली. लेक मागून येत होती. एकदा तिला हसू फुटलं, ते तिने दाबलं.

साडेचारला त्या दोघी निघाल्या. वेल्डरच्या दुकानापाशी मुंगी वळून म्हणाली, “आजी, पुढच्या रविवारी तू इथपर्यंत ये. मग मी आत येईन.”

“येते.”

पुढच्या रविवारी मीटरबाई अर्धा तास आधीच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पिशवी नाही, काठी नाही, वही नाही. इतक्या वर्षांत रिकाम्या हातांनी त्या रस्त्यात कधी थांबल्या नव्हत्या. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी ते बांधले, मग सोडले, मग पदराचं टोक धरून त्या समोरच्या वळणाकडे बघत राहिल्या.